रांगोळीचा फोटो नको, ठिपके जपा

दिवाळीआधी बर दुबईच्या मीना बाजारातून रांगोळीची पाकिटं आणायची, इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये दाराबाहेर मिळेल तेवढ्या जागेत ठिपके मांडायचे आणि रंग भरून झाले की फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. तुमच्याही घरी असंच होत असेल. पुढच्या वर्षी तीच रांगोळी काढायची म्हटलं, की तो फोटो मोठा करून ठिपके मोजायची वेळ येते. अर्धे ठिपके रंगाखाली गेलेले असतात. शेवटी तुम्ही आईला फोन लावता आणि ती एका दमात सांगते, "अगं, पंधरा ते आठ!"

या उत्तरात किती माहिती आहे बघा. मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, शेवटी ८. ओळी झाल्या १५ आणि ठिपके झाले १६९. फक्त दोन आकड्यांतून अख्खी जाळी उभी राहते. काही मेगाबाइटांच्या फोटोत मात्र हे आकडे कुठेही लिहिलेले नसतात.

आज आपली मुलं ब्राउझरमध्ये चित्रं काढणारे प्रोग्रॅम लिहायला शिकतात, तेव्हा नेमकी हीच चूक त्यांच्या हातून होते. वेब पानावरचा 'कॅनव्हास' २००४ मध्ये ॲपलने आणला. त्याला तुम्ही "इथे एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढ" असं सांगितलं, की तो ठिपक्याठिपक्याने रंग भरतो आणि वर्तुळ विसरून जातो. उरतात ते फक्त पिक्सेल. १००० बाय १००० चा कॅनव्हास म्हणजे दहा लाख पिक्सेल, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे ४० लाख बाइट. पण "तिसरं वर्तुळ जरा डावीकडे सरकव" म्हटलं तर त्याला काही कळत नाही. त्याच्यासाठी तिसरं वर्तुळ नावाची वस्तूच नाही.

म्हणून फॅब्रिक किंवा कोन्वा यांसारख्या लायब्ररी कॅनव्हासच्या वर आकारांची नोंदवही ठेवतात. प्रत्येक वर्तुळ, रेघ, पाकळी ही तिथे वेगळी वस्तू असते. तिच्यावर 'टूऑब्जेक्ट' ही क्रिया चालवली, की तिचा साधा ऑब्जेक्ट मिळतो: प्रकार वर्तुळ, आडवं अंतर इतकं, उभं इतकं, त्रिज्या इतकी, रंग अमुक. तो जेसॉन म्हणून साठवला, की तुमच्या अबू धाबीच्या मैत्रिणीला किंवा साताऱ्याच्या मावशीला तीच रांगोळी उघडता येते आणि बदलताही येते. चित्र गोठत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: मुलांना चित्राची फाइल डाउनलोड करायला शिकवण्याआधी आकारांचा साधा ऑब्जेक्ट साठवायला शिकवा. त्यातले खाचखळगेही लपवू नका.

पहिला खळगा म्हणजे सगळं आपोआप साठत नाही. फॅब्रिकमध्ये तुम्ही आकाराला स्वतःहून "कोणाकडून शिकलो" अशी नोंद जोडलीत, तर टूऑब्जेक्टला त्या नोंदीचं नाव वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती मुकाट्याने गळते. रांगोळी राहते, आजीचं नाव जातं. कोन्वामध्ये आत ठेवलेले फोटो आणि क्लिक केल्यावर चालणारी फंक्शनं साठत नाहीत. ती पुन्हा जोडावी लागतात.

दुसरा खळगा गृहीत धरलेल्या गोष्टींचा. जागा वाचावी म्हणून कोन्वा डिफॉल्ट मूल्यं लिहीतच नाही. आज ते सोयीचं असतं. पण दहा वर्षांनी ती फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमची डिफॉल्टं वेगळी असतील, तर चित्रही वेगळं दिसेल. आईच्या "पंधरा ते आठ"मध्येही एक गृहीतक आहेच: ठिपके एकाआड एक सरकवून मांडायचे. हे ठाऊक नसलेला माणूस ते एकाखाली एक मांडेल आणि रांगोळी जुळणार नाही. म्हणून जपायची फाइल असेल तर गृहीत धरलेलंही लिहा.

काही जण म्हणतील, साधा ऑब्जेक्ट म्हणजे नुसता सांगाडा, त्याला स्वतःहून काहीच काढता येत नाही. खरं आहे. पण सांगाडा आहे म्हणूनच तो कुठल्याही प्रोग्रॅमला, कागदावरच्या माणसालाही वाचता येतो. आपण राहतो त्या प्रदेशाला हे नवं नाही. इथल्या मशिदींच्या भिंतींवर ताऱ्यांची जी भौमितिक नक्षी दिसते, त्या परंपरेतली एक गुंडाळी इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. तिच्यात ११४ आकृत्या आहेत. अख्खी भिंत काढून ठेवण्याऐवजी नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा भाग काढलेला आहे. तो हाती असला, की कारागीर पुढची भिंत भरू शकतो.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांकडे फोटो हजारो आहेत, ठिपक्यांचे आकडे मात्र आजीपाशीच आहेत. या दिवाळीत फोन लावाल तेव्हा आकडे विचारून घ्या, मुलांना ते ऑब्जेक्टमध्ये लिहू द्या आणि "कोणाकडून शिकलो" हा रकाना विसरू नका. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जायचीच. ती पुन्हा काढता आली पाहिजे.