हुशार आहे, म्हणून मदत नाही?

मा. शिक्षणाधिकारी साहेब आणि शाळेच्या व्यवस्थापनाचे मा. अध्यक्ष यांना,



माझी मुलगी आपल्या अखत्यारीतल्या शाळेत सातवीत शिकते. तिला डिस्लेक्सिया आणि डिस्ग्राफिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. जूनपासून दिलेल्या तिन्ही अर्जांच्या पोचा माझ्याजवळ आहेत. लेखी उत्तर एकाचेही आलेले नाही, म्हणून हे चारचौघांत लिहावे लागते आहे.

जुलैच्या बैठकीत आपण तीन गोष्टी कबूल केल्या होत्या: परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि आठवड्याला दोन तास विशेष शिक्षक. चहा घेऊन आम्ही समाधानाने घरी आलो. सहामाहीच्या पहिल्याच पेपरला तिला सांगण्यात आले, ‘सवलती दहावीला असतात.’ साहेब, हे कुठे लिहिले आहे? 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 17मध्ये जादा वेळ आहे, लेखनिक आहे, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूटही आहे. दहावीची अट मला त्यात सापडली नाही. कलम 16 तर म्हणते की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि उपाय करा. आपल्या हिशेबी ‘लवकर’ म्हणजे पंधरावे वर्ष का?

पण खरा अडसर दहावीचा नाही. तो आपण तोंडी बोलून दाखवलात: ‘एवढी हुशार मुलगी, तिला कसली सवलत?’

अध्यक्ष महाशय, विज्ञान प्रदर्शनात दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हे तिने चेंडू आणि बॅटरी घेऊन आपल्यालाच समजावले होते. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असते, हे सांगताना तिने चेंडूची वाट तिरकी करून दाखवली. आपण पाठ थोपटलीत. तो फोटो शाळेच्या व्हरांड्यात आजही लावलेला आहे. हाच प्रश्न सहामाहीत पाच गुणांना आला. तिच्या दोन ओळी झाल्या, त्यांत ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’. मिळाला एक गुण, आणि समासात लाल शाईने शेरा: ‘मन लावून लिही.’ फोटोतली मुलगी आणि उत्तरपत्रिकेतली मुलगी एकच आहे, हे आपल्यापैकी कोणालाच दिसले नाही?

2018च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बुद्ध्यांक 85च्या वर निघाला, तरच अध्ययन अक्षमतेची पुढची चाचणी होत असे. म्हणजे ज्या हुशारीकडे बोट दाखवून आपण मदत नाकारता, ती या निदानातलीच एक पायरी होती. प्रमाणपत्राची प्रत आपल्या फायलीत आहे. कुणी उघडून पाहिली का?

उलट बाजूनेही तेच. गेल्या वर्षी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या तयारीच्या वर्गातून तिचे नाव काढले, कारण ‘अक्षर’. त्या स्पर्धेची पहिली फेरी पर्याय निवडायची असते! मदत मागितली की ती हुशार ठरते आणि संधी मागितली की अपंग.

विशेष शिक्षिका महिन्यातून एकदा येतात, घाईघाईने. त्यांच्यावर माझा राग नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक, असे प्रमाण सांगितले. आपल्याकडे ते किती आहे? आणि दिव्यांग मुले ओळखण्यासाठी शाळेत जाणाऱ्या मुलांचे जे पहिले सर्वेक्षण 2016चा तोच कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे एप्रिल 2019पर्यंत व्हायला हवे होते, ते आपल्या क्षेत्रात कोणत्या साली झाले?

हल्ली ती सकाळी पोटात दुखते म्हणते. रविवारी दुखत नाही.

येत्या मंगळवारी घटक चाचणीत भूगोलाचा पेपर आहे. लेखनिक मिळणार की नाही, ते सोमवारी शाळा सुटण्यापूर्वी लेखी कळवावे. ‘अर्ज वर पाठवला आहे’ हे उत्तर मला तोंडी दोनदा मिळाले आहे. ते पुन्हा देण्याची तसदी आपण घेऊ नये.

आपली,
सातवीतल्या एका मुलीची आई