अकरा गावचे पाणी



आज पेरणी, फवारणी किंवा खताची मात्रा यांतले काहीच नाही. आज चेंडूच्या खेळातल्या एका माणसाची हकिकत सांगायची आहे. "साहेब, शेती सोडून हा फुटबॉल कुठून काढलात?" असे तुम्ही विचारणार, म्हणून कारण आधीच सांगून टाकतो. आपल्या घरोघर एखादे तरी पोर असे असते, की ते नापास होत नाही आणि पहिलेही येत नाही. कबड्डीच्या संघात असते, पण टाळ्या पडतात त्या दुसऱ्याच्या चढाईला. याचे पुढे कसे व्हायचे, या घोरात आई-बाप जागतात. आजची हकिकत अशाच एका मधल्या प्रतीच्या गड्याची आहे.

त्याचे नाव ग्रॅहम पॉटर. जन्म २० मे १९७५ चा, इंग्लंडमधल्या सोलिहल गावचा.

इंग्लंडात फुटबॉल हा हौसेचा खेळ आहे, तसा तो पोटाचा धंदाही आहे. तिथली रचना जिन्यासारखी आहे. सर्वांत वरच्या पायरीवर २० क्लब. त्याखालच्या तीन पायऱ्यांवर मिळून ७२. हंगाम संपला की वरच्या पायरीवरचे तळाचे तीन क्लब खाली उतरतात आणि खालचे तीन वर चढतात. खेळाडूंचे करार मुदतीचे असतात. आपल्याकडे पाडव्याला सालगडी बदलतो, तसे तिकडे उन्हाळ्यात खेळाडू बदलतात. मालकाला गरज नसेल तर करार संपला, की आपले चंबूगबाळे आवरायचे.

पॉटर हा डाव्या बाजूचा बचाव करणारा गडी. समोरच्याला अडवायचे आणि चेंडू आपल्या माणसाकडे द्यायचा, एवढे त्याचे काम. गोल करणाऱ्याचे नाव होते, अडवणाऱ्याचे सहसा होत नाही. १९९२ साली तो बर्मिंगहॅमच्या क्लबात लागला. तिथून स्टोक, साउदॅम्प्टन, वेस्ट ब्रॉमविच, यॉर्क, बोस्टन आणि शेवटी मॅकल्सफील्ड. मध्येच वायकोम्ब, नॉर्दॅम्प्टन, रेडिंग आणि श्रूजबरी या चार ठिकाणी तो उसना गेला. उसना म्हणजे काय? एखाद्या क्लबाला गडी तूर्त नको असला की तो काही महिन्यांपुरता दुसऱ्याला देतात. पेरणीच्या दिवसांत आपण शेजाऱ्याला बैल देतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे बैलालाच बिऱ्हाड हलवावे लागते.

तेरा वर्षांत अकरा क्लब झाले. आपण म्हणतो ना, बारा गावचे पाणी प्यालेला, तसा हा अकरा गावचे पाणी प्यालेला. सर्वांत वरच्या पायरीवर त्याच्या वाट्याला आले ते फक्त आठ सामने, तेही १९९६-९७ च्या एकाच हंगामात. पुढचा सगळा प्रवास हळूहळू खाली उतरण्याचा. अखेर २००५ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने खेळ थांबवला. आपल्याकडे तिशीतला गडी म्हणजे भर उमेदीतला. त्या धंद्यात मात्र तिशीतच संध्याकाळ होते.

आधी विहीर, मग तहान

इथवरची गोष्ट शेकडो खेळाडूंची आहे. पॉटरचे वेगळेपण असे, की खेळ चालू असतानाच तो शिकत होता. आपल्याकडे जशी मुक्त विद्यापीठे आहेत, तसेच ब्रिटनमध्ये आहे. काम सांभाळून घरी अभ्यास करायचा आणि परीक्षा द्यायची. पॉटरने तिथे समाजशास्त्रांचा अभ्यास धरला आणि २००५ च्या अखेरीस पदवी मिळवली. म्हणजे पायातले बूट सुटले त्याच वर्षी हातात कागद आला. तहान लागल्यावर विहीर खणायला घेणारे आपण पुष्कळ पाहतो. या गड्याने विहीर आधीच खणून ठेवली होती.

नंतर त्याने हल आणि लीड्स इथल्या विद्यापीठांत मुलांच्या फुटबॉलचे काम केले. नेतृत्व आणि भावनिक समज या विषयात आणखी एक वरची पदवी घेतली. २००७ साली चीनमध्ये झालेल्या महिलांच्या विश्वचषकात तो घाना देशाच्या संघाबरोबर तांत्रिक संचालक म्हणून गेला. तिन्ही सामने हरून तो संघ परतला. वर्तमानपत्रात नाव यावे असे त्यात काही नव्हते. तालमीतल्या वस्तादाचे काम तो खालच्या पायरीपासून शिकत होता, एवढेच.

बर्फातले गाव

२०१० च्या डिसेंबरात त्याला स्वीडनमधून बोलावणे आले. गावाचे नाव ऑस्टरसुंड. वस्ती सुमारे ५०,०००. गाव इतके उत्तरेला, की डिसेंबरात दिवस जेमतेम पाच तासांचा आणि हिवाळाभर बर्फ. लोकांना वेड बर्फावरच्या खेळांचे, फुटबॉलचे नाही. तिथला क्लब १९९६ साली स्थापन झालेला आणि नुकताच स्वीडनच्या चौथ्या पायरीवर घसरलेला. विद्यापीठातली बरी नोकरी सोडून, बायको आणि तान्हे मूल घेऊन अशा ठिकाणी जायचे, म्हणजे बागायती सोडून माळरान कसायला घेण्यासारखेच. तो गेला. करार तीन वर्षांचा होता.

आता त्याने तिथे काय केले ते नीट पाहा, कारण हकिकतीतला दाणा इथे आहे.

पैसा नव्हता, म्हणून नामवंत खेळाडू आणता येईनात. त्याने आणले ते दुसऱ्यांनी नाकारलेले. इंग्लंडमधल्या क्लबांनी लहान वयात सोडून दिलेली पोरे, स्वीडनच्या खालच्या पायऱ्यांवर अडकून पडलेली पोरे. 'तुझी गरज नाही' हे शब्द ऐकलेल्या माणसाच्या मनात काय चालते, हे पॉटरला पुस्तकातून शिकावे लागले नाही. अकरा क्लबांत त्याने ते भोगले होते. अशा गड्याला ओरडून सुधारता येत नाही. आधी त्याची भीती काढावी लागते.

ती काढायला त्या क्लबाने एक अजब वाट धरली. दरवर्षी सगळ्या खेळाडूंनी मिळून गावासमोर काहीतरी कलेचे सादर करायचे. एका वर्षी नाटक, एकदा चित्रांचे प्रदर्शन, एकदा पुस्तक लिहिणे. एकदा तर 'स्वान लेक' हे नाजूक नृत्यनाट्य रंगमंचावर केले. चेंडूला लाथा मारणारे दांडगे गडी पायांच्या बोटांवर तोल सावरत नाचू लागले! यातून वस्तादही सुटला नाही, तोही रंगमंचावर उभा राहिला.

वरवर हा पोरखेळ वाटेल. माझा सगळा जन्म शेतकऱ्यांच्या सभा आणि प्रशिक्षण वर्ग घेण्यात गेला, म्हणून मला त्यातले मर्म पटते. सभेत पुढच्या रांगेतले चार जण बोलतात. मागे बसलेल्याला शंका असते, पण हसे होईल म्हणून तो तोंड उघडत नाही आणि शंका तशीच घेऊन घरी जातो. एकदा का चारचौघांत चुकण्याची लाज मोडली, की माणूस विचारू लागतो आणि करून पाहू लागतो. पॉटरचे गडी गावासमोर नाचताना चुकले, तरी आभाळ कोसळले नाही. मग मैदानावर अवघड चेंडू द्यायला त्यांनी का भ्यावे? घाबरलेला गडी चेंडू लांब भिरकावून मोकळा होतो. या संघातले गडी मात्र अंगावर माणूस धावून आला, तरी चेंडू शांतपणे आपल्या सोबत्याकडे देत आणि खेळ पुढे नेत.

फळ कधी दिसले, ते सालवार सांगतो. २०११ मध्ये चौथ्या पायरीवरून तिसऱ्या. २०१२ मध्ये तिसरीवरून दुसऱ्या. तिथे मात्र तीन हंगाम जावे लागले. २०१५ मध्ये सर्वांत वरची पायरी. एप्रिल २०१७ मध्ये स्वीडनचा राष्ट्रीय चषक. त्या चषकामुळे युरोपभरच्या स्पर्धेचे दार उघडले. तिथे तुर्कस्तानच्या गालातासराय या बलाढ्य क्लबाला त्यांनी घरी पाठवले. पुढे गाठ पडली लंडनच्या आर्सेनलशी. आपल्या गावात ऑस्टरसुंड ३-० ने हरले. परतीचा सामना २२ फेब्रुवारी २०१८ रोजी लंडनमध्ये होता. गावातून सुमारे ५,००० माणसे तिथे गेली, म्हणजे दहांतला एक. पहिल्या २५ मिनिटांतच ऑस्टरसुंडने दोन गोल केले आणि सामना २-१ ने जिंकला. दोन सामन्यांची बेरीज आर्सेनलच्या बाजूने पडली, म्हणून स्पर्धेतून ते बाहेर गेले. पण सात वर्षांपूर्वी चौथ्या पायरीवर खेळणाऱ्या क्लबाने लंडनात जाऊन आर्सेनलला हरवले, हे कोणाला पुसता येणार नाही.

पी हळद नि हो गोरी

मग इंग्लंडमधून बोलावणी आली. २०१८ साली वेल्समधल्या स्वान्सीचा क्लब त्याने वर्षभर सांभाळला. २०१९ मध्ये समुद्रकाठच्या ब्रायटनचा क्लब त्याच्याकडे आला. हा क्लब २० जणांच्या सर्वांत वरच्या पायरीवरचा. पहिल्या वर्षी १५ वा नंबर, दुसऱ्या वर्षी १६ वा. चांगले खेळतात पण गोल होत नाहीत, अशी लोकांची कुरकुर. दुसरा मालक असता तर त्याने पाडव्याचीही वाट पाहिली नसती. ब्रायटनच्या मालकाने दम धरला. तिसऱ्या वर्षी क्लब ९ वा आला. तोवरच्या त्यांच्या इतिहासातला तो सर्वांत वरचा नंबर होता.

हे पाहून लंडनच्या चेल्सी या श्रीमंत क्लबाने ८ सप्टेंबर २०२२ रोजी त्याला नेले. करार पाच वर्षांचा. मालक नवे आणि हात सैल. त्या एका हंगामात त्यांनी ५० कोटी पौंडांहून अधिक किमतीचे खेळाडू घेतले. एवढ्या माणसांची एकमेकांशी ओळख व्हायलाही वेळ लागतो, पण मालकांना आणि प्रेक्षकांना निकाल लगेच हवा होता. हार होऊ लागली तशी शिवीगाळ सुरू झाली. आपल्याला आणि आपल्या मुलांना मरणाच्या धमक्या आल्याचे त्यानेच सांगितले. ३१ सामन्यांत १२ विजय, ८ बरोबरी, ११ हारी. २ एप्रिल २०२३ रोजी त्याला काढून टाकले. पाच वर्षांच्या कराराचे सात महिनेही भरले नव्हते.

पुढे तो पावणेदोन वर्षे घरी बसून होता. जानेवारी २०२५ मध्ये वेस्ट हॅमने बोलावले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनीही निरोप दिला. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वीडनने त्याला हाक मारली, आणि तीही देशाच्या संघासाठी. ज्या मातीत त्याचे बी रुजले होते, तिला त्याची आठवण होती.

आता कोणी म्हणेल, की अखेर तो मोठ्या ठिकाणी हरलाच ना? हो, हरला. ते झाकून हकिकत सांगण्यात अर्थ नाही. सबुरी धरली की प्रत्येक वेळी फळ येतेच, असे मी सांगणार नाही. पाऊस दगा देतो, भाव पडतो, हे तुम्हाला मी काय सांगावे? ऑस्टरसुंडचेच बघा. पॉटर गेल्यावर तीन-चार वर्षांतच, २०२१ मध्ये, तो क्लब वरच्या पायरीवरून खाली आला. मशागत थांबली की कमावलेले रानही तणाला जाते.

पण हाच माणूस, हीच विद्या. एका ठिकाणी सात वर्षे मिळाली, दुसऱ्या ठिकाणी तीन, तिसऱ्या ठिकाणी सात महिने. निकाल तुमच्यासमोर आहेत. जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवायचा तर शेणखत आणि हिरवळीचे खत वर्षानुवर्षे घालावे लागते, हे आपण जमिनीच्या बाबतीत मान्य करतो. पोरांच्या बाबतीत मात्र एका निकालावरून शिक्का मारून मोकळे होतो.

म्हणून मंडळी, घरातल्या त्या मधल्या पोराबद्दल दोन गोष्टी सांगतो. एक, तो शेतात राबत असो की कारखान्यात हंगामी कामाला असो, सोबत काहीतरी शिकणे चालू राहू द्या. मुक्त विद्यापीठाची पदवी असो, मोटार दुरुस्ती असो की कलमे बांधणे असो. एक काम संपेल तेव्हा दुसरे हाताशी असले पाहिजे. दोन, पाहुण्यांपुढे त्याची तुलना चुलत्याच्या पोराशी करू नका. 'तुझा उपयोग नाही' हे ऐकायला बाहेर अकरा ठिकाणे आहेत, घर हे बारावे ठिकाण होऊ नये.

पुढच्या अंकात पुन्हा आपल्या शेताच्या बांधावर भेटू.