'आपलाच माणूस आहे' हे आता पुरे!

११ ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे २८ देशांतल्या एटीएममधून निघाले. दोन दिवसांनी स्विफ्टवरून हाँगकाँगला आणखी गेले. एकूण सुमारे ९४ कोटी! तिजोरी कुणी फोडली नाही. चोरांचा बनावट स्विच 'हो, द्या पैसे' म्हणत राहिला, आणि 'तू कोण?' असं त्याला कुणी विचारलंच नाही.

आपली सुरक्षा म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा. एकदा आत शिरलात की माजघरापर्यंत मोकळं रान. झीरो ट्रस्ट सांगतं: प्रत्येक दाराशी ओळख विचारा, कामापुरतीच किल्ली द्या, आणि चोर आत शिरलेलाच आहे असं धरून चाला.

'म्हणजे कर्मचाऱ्यांवर अविश्वास?' असं म्हणणाऱ्यांनो, साहेबांचा पासवर्ड अख्ख्या ऑफिसला पाठ असतो, तेव्हा पैसे गेल्यावर अडकतं कोण? बिचारा क्लार्कच ना? ही तपासणी त्यालाही वाचवते.

सहकारी बँकेचे सभासद आहात ना? मग यंदाच्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हेही विचारा: कुठली किल्ली कुणाकडे आहे, आणि ते शेवटचं कधी तपासलंत?