छडीचे किस्से

लंडनला गेलेला आपला माणूस किंग हेन्रीज रोडवरील ते घर पाहिल्याशिवाय परतत नाही. १९२१-२२ च्या काळात विद्यार्थी बाबासाहेब तेथे राहिले होते. गेल्या वर्षी आम्ही चौघे माजी विद्यार्थी तेथे नतमस्तक झालो आणि त्याच सायंकाळी केंब्रिज थिएटरमध्ये ‘मटिल्डा’ हे संगीत नाटक पाहिले.

रोआल्ड डाल यांची ही बालकादंबरी १९८८ ची. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१० मध्ये ती रंगभूमीवर आणली. संहिता डेनिस केली यांची, गीते व संगीत टिम मिंचिन यांचे. पुस्तकांचा तिटकारा असलेले आईबाप आणि मुलांना कपाटात कोंडणारी मुख्याध्यापिका ट्रंचबुल यांच्या कचाट्यात सापडलेल्या, पण वाचनालयाचा आधार लाभलेल्या चिमुरडीची ही कथा.

ट्रंचबुल एका मुलीला वेण्या धरून गरगरा फिरवते, तेव्हा प्रेक्षागृहात हशा पिकला. आम्हांला हसू आले नाही. वसतिगृहातील छडी, थंडीत पहाटे अंगणात उभे राहण्याची शिक्षा आमच्या पिढीने अनुभवली आहे. ‘त्यामुळेच आम्ही घडलो,’ असे आम्हीही आजवर सांगत आलो.

आता तसे म्हणवत नाही. नाटकातील शिक्षिका मिस हनी ही ट्रंचबुलची भाची. त्याच मावशीच्या दहशतीत वाढलेली. तरीही ती दहशत तिने आपल्या वर्गात येऊ दिली नाही. मटिल्डा नुसत्या नजरेने खडू हलवते, याचे मुलांना नवल वाटते. आमच्या मते खरे नवल मिस हनीचे आहे.

मग शिस्त नको काय? अवश्य हवी. पहाटेची वंदना, सायंकाळची अभ्यासिका, आपले ताट आपण धुण्याची सवय यांनी आम्ही घडलो. परंतु ती शिस्त अंगी रुजली ती तापात रात्रभर उशाशी बसलेल्या सरांमुळे, छडीमुळे नव्हे. प्रज्ञा व शील यांच्या जोडीला करुणा सांगितली आहे, ती उगाच नव्हे.

आपल्या मेळाव्यात छडीचे किस्से रंगतात आणि आपण सारे मनमुराद हसतो. समोर आजचे विद्यार्थी बसलेले असतात, याचे भान राहत नाही. यंदा त्यांना त्या सरांची आठवण सांगू या.