गुलामांनीच भरावा दंड!

चोरीला गेलेला माल धन्याने हिसकावून परत आणला, तर त्याने चोरालाच भरपाई द्यावी, असा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे? फ्रान्सने तो १८२५ मध्ये हैतीला शिकवला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी जगाच्या माथी मारणाऱ्या राष्ट्राचेच हे कर्तृत्व!

कोलंबसाने १४९२ मध्ये हिस्पॅनिओला बेट ‘शोधले’ म्हणे. जणू तेथे माणसे नव्हतीच! स्पेनच्या वेठीने आणि युरोपातून आलेल्या देवीच्या साथींनी तेथील मूळचे ताइनो लोक अवघ्या अर्धशतकात जवळजवळ नामशेष झाले. १६९७ मध्ये रिज्विकच्या तहाने बेटाचा पश्चिम भाग फ्रान्सला मिळाला. दान देणाऱ्याचे ते नव्हते आणि घेणाऱ्याचेही नव्हते.

या भागातील उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवर १७८९ साली सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. युरोपात खपणाऱ्या कॉफीपैकी निम्म्याहून अधिक येथून जात असे. चौदाव्या लुईच्या १६८५ च्या ‘काळ्या संहिते’ने गुलामाला जंगम मालमत्ता ठरविले. तो महिनाभर फरार राहिला तर त्याचे कान कापायचे आणि खांद्यावर राजचिन्हातील लिलीच्या फुलाचा डाग द्यायचा. याच संहितेने प्रत्येक गुलामाचा बाप्तिस्माही सक्तीचा केला होता. देह मळेवाल्याचा, आत्मा चर्चचा. गुलामाचे स्वतःचे असे उरले काय?

ऑगस्ट १७९१ मध्ये हे गुलाम उठले. तेव्हा या तथाकथित सुसंस्कृत सत्तांनी काय केले? फ्रान्सला शह देण्यासाठी स्पेनने बंडखोरांना शस्त्रे पुरविली. इंग्रज १७९३ मध्ये मळेवाल्यांच्या पाठराखणीला उतरले आणि पीतज्वराने हजारो सैनिक गमावून १७९८ मध्ये परतले. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली खरी. पण नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा मान्य केली आणि बेटावर सैन्य धाडले. बंडाचा नेता तूसाँ लुव्हेर्त्यूर याला वाटाघाटीला बोलावून दग्याने पकडण्यात आले. फ्रान्सच्या डोंगराळ भागातील थंडगार किल्ल्यात १८०३ मध्ये त्याने प्राण सोडला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला व्हेर्तिएरच्या रणांगणावर देसालीनच्या सेनेने फ्रेंचांचा निर्णायक पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

रणात हरलेल्या फ्रान्सने हिशेब मात्र सोडला नाही. १८२५ मध्ये दहाव्या शार्लने चौदा युद्धनौकांच्या धाकाने १५ कोटी फ्रँक मागितले. ही भरपाई मळ्यांची होती आणि गुलामांचीही. म्हणजे मुक्त माणसाने स्वतःचीच किंमत जुन्या मालकाला मोजायची! पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटींचे कर्ज काढावे लागले. त्यातले ६० लाख त्यांनी दलालीपोटी आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये मूळ रक्कम नऊ कोटींवर आली; पण तिच्यापायी काढलेल्या कर्जांची शेवटची फेड व्हायला १९४७ साल उजाडले. मग शाळा, रस्ते, इस्पितळे कशातून उभी राहणार होती? आणि हैतीच्या दारिद्र्याचे खापर हैतीवासीयांच्या आळसावर फोडणारे पंडित या खतावणीचे पान कधी उलटणार?

अध्यक्ष आरिस्टिड यांनी २००३ मध्ये २१ अब्ज डॉलर्सहून अधिक रकमेची परतफेड मागितली. पुढच्याच वर्षी त्यांची सत्ता गेली. २०१५ मध्ये ग्वाडेलूप येथे फ्रेंच अध्यक्ष ओलांद यांनी हे ऋण फेडण्याची भाषा केली. ते ऋण ‘नैतिक’ आहे, हा खुलासा लगोलग आला. एप्रिल २०२५ मध्ये मॅक्रॉन यांनी अन्याय झाल्याचे मान्य केले आणि इतिहासकारांची संयुक्त समिती जाहीर केली. पैशाचा उल्लेख त्यांनी कटाक्षाने टाळला.