महाग केबल कीं शांत केबल?

हौशी रेडिओचा नाद लागलेल्या एका विद्यार्थ्याचे वडील मध्यंतरीं आम्हांस भेटले. १६० मीटर व ८० मीटर या पट्ट्यांवर रात्रीं दूरदेशींचीं केंद्रें ऐकतां यावींत म्हणून चिरंजिवांनीं शेताच्या कडेला तारेचें एरियल उभारण्याचें योजिलें होतें. तेथून घरापर्यंत सुमारें ३०० फूट कोअ‍ॅक्सियल केबल हवी. ती उत्तमांतील उत्तम, अत्यल्प घटीची असावी असा मुलाचा हट्ट, आणि तिची किंमत ऐकून वडील चिंतेंत पडलेले. मुलाचा हिरमोड करावयाचा नाहीं, पण पैसा तरी कोठून आणावा, हा त्यांचा प्रश्न. अशीं घरें आणखीही असतील म्हणून आमचें मत येथें मांडतों. केवळ ऐकण्याच्या कामीं, आणि तेंही या खालच्या पट्ट्यांवर, महाग केबल घेणें हा द्रव्याचा अपव्यय होय.

केबलमधील घट कंपनसंख्येबरोबर वाढत जाते. १४४ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ या बारीक केबलच्या ३०० फुटांत १५ डेसिबेलांच्या आसपास घट होते, म्हणजे मूळ शक्तीचा जेमतेम तिसावा भाग घरीं पोहोंचतो. तेथें जाड केबलचा आग्रह योग्यच आहे. परंतु १६० मीटरचा पट्टा १.८ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. तेथें तितक्याच लांबीच्या आरजी-५८ मध्यें २ डेसिबेलांहून कमी, आणि जाड आरजी-२१३ मध्यें सुमारें एक डेसिबेल घट होते. एवढा फरक कानास क्वचितच कळेल.

आणि कळला तरी बिघडत कांहींच नाहीं. या पट्ट्यांवर दूरच्या विजांची व आसपासच्या यंत्रांची खरखर एरियलमधूनच इतकी येते कीं, तिच्यापुढें रिसीव्हरची स्वतःची खरखर लोपून जाते. केबल घट करते ती संदेशाची आणि खरखरीची सारखीच. पेल्यांतील अर्धें ताक ओतून दिलें, तर उरलेल्या ताकाचा खारटपणा कांहीं बदलत नाहीं. आवाज कमी वाटला तर रिसीव्हरची कळ थोडी पुढें फिरवावी, एवढाच उपाय.

मग खरा शत्रु कोण? तो घरांतच बसलेला असतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांचा गोंगाट केबलच्या बाहेरील जाळीवर चढतो, तिच्यावरून उलट एरियलपर्यंत जातो आणि तेथून आंत शिरून संदेशाच्या खांद्याला खांदा लावून परत येतो. शांत जागा म्हणून ३०० फूट दूर जावें आणि घरचा गोंगाट आपणच तेथवर वाहून न्यावा, असा हा प्रकार! कितीही पैसे मोजले तरी अल्प घटीची केबल यावर उतारा नव्हे.

१९२१ च्या डिसेंबरांत पॉल गॉडली या अमेरिकन हौशी तज्ज्ञानें स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथें तंबूंत बसून अटलांटिकपलीकडील हौशी केंद्रें ऐकलीं, तीं सुमारें २०० मीटर लहरींवर. आजच्या जातीची केबल त्याच्यापाशीं नव्हती. त्याच्यापाशीं होती ती हॅरल्ड बेव्हरेज यांनीं शोधिलेली, जमिनीपासून फार उंच नसलेली लांबच लांब तार, आणि गांवच्या गलबल्यापासून दूर अशी जागा.

तेव्हां आमची शिफारस अशी. बाजारांत मिळणारी डिशची केबल, म्हणजे आरजी-६, आणावी. ती ७५ ओहमची असते व रिसीव्हर बहुधा ५० ओहमचा. या विषमतेनें होणारी हानि ऐकण्याच्या कामीं नगण्य आहे. बेव्हरेज तारेचा रोध सुमारें ४५० ओहम धरिला, तर तिच्या टोंकाशीं सहास एक प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याचीं दोन्ही वेटोळीं एकमेकांस जोडूं नयेत. यांतच निम्मी शांति आहे. वांचलेल्या पैशांतून फेराइटचें कडें घेऊन त्यावर केबलचे कांहीं वेढे द्यावे. जाळी घरापासून दूर एके ठिकाणीं जमिनींत सळई ठोकून तिला जोडावी. केबल पुरावयाची असल्यास आंत चिकट लेप भरलेली जात पाहावी, कारण पावसाळ्यांत पाणी जाळींत शिरलें कीं केबल गेलीच. विजा होत असतां केबल रिसीव्हरपासून काढून घराबाहेर ठेवावी, हें वडिलांनींच पाहावें, मुलें विसरतात.

स्वस्त केबलला दोष नाहींत असें नव्हे. तिची मधली तार पुष्कळदां पोलादाची असून वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. १.८ मेगाहर्ट्झवर प्रवाह तांब्यांत सुमारें ०.०५ मिलिमीटर खोल शिरतो, त्यामुळें मुलामा अपुरा पडून कोष्टकांत दिली असेल त्याहून घट थोडी अधिक होते. तिची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असल्यास तिला डाग लागत नाहीं. दाबून बसविण्याचे कनेक्टर लागतात. पुढें याच केबलनें संदेश पाठवावयाचे असतील, तर मात्र आमचें म्हणणें लागू नाहीं.

उरली शंका, तर ती घरबसल्या फेडतां येते. दुपारीं, खरखर अगदीं कमी असतांना, एरियल सोडवून त्या जागीं ७५ ओहमचा रोधक जोडावा आणि घरीं येऊन ऐकावें. खरखर स्पष्ट उतरली, तर केबलमधील घटीनें कांहीं गमावलेलें नाहीं. उतरली नाहीं, पण तींत चार्जरची किरकिर किंवा एखादें केंद्र ऐकूं येत असेल, तर जाळीच एरियल बनली आहे, फेराइटकडे वळावें. किरकिरही नाहीं आणि खरखरही तशीच राहिली, तर एरियलपाशीं लहानसा अ‍ॅम्प्लिफायर लावावा. लहान वेटोळ्याच्या एरियलला तो बहुधा लागतोच. उसन्या आणलेल्या डिशच्या केबलवर आधीं एवढें करून पाहावें, आणि मगच दुकानाची पायरी चढावी, असें त्या गृहस्थांस आम्हीं सांगितलें आहे.