अकरा महिन्यांची सवय आणि इंग्लंडमधले भाड्याचे घर

इंग्लंडमधील खासगी भाडेव्यवहाराचा पाया १ मे २०२६ रोजी बदलला. १९८८ च्या हाउसिंग ॲक्टमधील कलम २१ ने घरमालकाला कोणतेही कारण न देता, दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामे करून घेण्याची मुभा दिली होती. नव्या ‘रेंटर्स राइट्स ॲक्ट’ने ती काढून घेतली आणि ठरावीक मुदतीचे करारही मोडीत काढले. भाडेकरू आता दोन महिन्यांची सूचना देऊन हवे तेव्हा जाऊ शकतो. घरमालकाला मात्र कायद्यात नोंदलेले कारण दाखवूनच ताबा मागावा लागतो. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत. स्लाव, रेडिंग किंवा मिल्टन कीन्समध्ये दुसरे घर घेऊन भाड्याने देण्याच्या विचारात असलेल्या मराठी कुटुंबांनी मात्र जुना हिशेब एकदा पुसून नव्याने मांडायला हवा.

मराठी मनात भाड्याचा करार म्हणजे अकरा महिन्यांचा करार. या सवयीमागे एक जुनी धास्ती आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि पागडीची घरे पिढ्यानपिढ्या भाडेकरूंकडेच राहिली. १९७३ च्या दुरुस्तीने तर त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला राहत असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. घर एकदा दिले की गेले, ही भावना तिथून घट्ट झाली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्याची स्वतंत्र वाट करून दिली, तेव्हा कुठे फ्लॅटमालक निर्धास्त झाला. इंग्लंडची वाटचाल आता नेमकी उलट दिशेने आहे. मुदत संपली की घर आपले, हे गृहीतच इथे उरलेले नाही.

याचा अर्थ घर परत मिळतच नाही असा नव्हे. विक्री करायची असेल, किंवा स्वतःला वा जवळच्या कुटुंबीयांना राहायला हवे असेल, तर चार महिन्यांची नोटीस देता येते. मात्र भाडेकरू राहायला आल्यापासूनच्या पहिल्या वर्षात या कारणाने त्याला घराबाहेर काढता येत नाही. विक्रीचे कारण दाखवून घर मोकळे केले आणि गिऱ्हाईकच मिळाले नाही, तरी पुढचे बारा महिने ते पुन्हा भाड्याने देण्यास बंदी आहे. हप्ता तेवढा चालू राहतो. ज्यांचे इथले वास्तव्य नोकरीच्या व्हिसावर टिकून आहे, त्यांच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी जोखीम आहे. नोकरी गेल्यावर परतीसाठी मिळणारा काळ हा घर विकून मोकळे होण्याच्या काळापेक्षा कितीतरी कमी असतो.

थकबाकीच्या बाबतीतही तेच. ताब्याचा हमखास आधार मिळण्यास पूर्वी दोन महिन्यांची थकबाकी पुरे, आता ती तीन महिन्यांची लागते आणि सुनावणीच्या दिवशीही तेवढी असावी लागते. त्यात चार आठवड्यांची नोटीस, न्यायालयाची प्रतीक्षा आणि शेवटी बेलिफ. किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवता येत नसतील, तर घर कितीही आवडले असले तरी थांबावे.

आता आकड्यांकडे. दोन लाख ८० हजार पौंडांचे घर, महिना १,५०० पौंड भाडे, ७५ टक्के कर्ज आणि साडेपाच टक्के व्याज असे धरू. दुसरे घर म्हणून पाच टक्के अधिभारासह स्टॅम्प ड्युटी येते १८,००० पौंड, म्हणजे बरोबर एका वर्षाचे भाडे. वर्षाचे व्याज ११,५५० पौंड. एजंट, विमा, दुरुस्ती आणि तपासण्यांचे ३,५०० पौंड धरले, तर हाती उरतात २,९५० पौंड. पण कर या रकमेवर बसत नाही. वैयक्तिक नावावरच्या घराचे व्याज २०२० पासून उत्पन्नातून वजा होत नाही. त्यावर फक्त २० टक्क्यांची सवलत मिळते. म्हणून ४० टक्के दराच्या करदात्याला १४,५०० पौंडांवर ५,८०० पौंड कर लागतो, २,३१० पौंडांची सवलत मिळते आणि भरावे लागतात ३,४९० पौंड. वर्षाअखेर खिशातून ५४० पौंड जातात, तेही घर एक दिवसही रिकामे न राहता. एप्रिल २०२७ पासून घरभाड्याच्या उत्पन्नावरचे दर दोन टक्क्यांनी वाढणार आहेत.

आयटीतल्या दांपत्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. व्याज वजा न होता मोजलेला हा नफा एकूण उत्पन्नात धरला जातो. ९० हजार पौंड पगार असलेली व्यक्ती त्यामुळे लाखाच्या पलीकडे जाते, करमुक्त मर्यादा घटू लागते आणि लहान मुलांच्या पाळणाघराची सरकारी मदत बंद होते. तोट्यातल्या घरापायी मदत गमवावी, याला व्यवहार म्हणत नाहीत. जोडीदाराचे उत्पन्न कमी असल्यास मालकी कोणाच्या नावे असावी, हे खरेदीपूर्वीच ठरवावे. कंपनीच्या नावे घेतल्यास व्याज पूर्ण वजा होते, पण कर्ज सहसा महाग पडते आणि नफा घरी आणताना लाभांशावर पुन्हा कर लागतो. घेतलेले घर नंतर कंपनीकडे वळवणे म्हणजे पुन्हा स्टॅम्प ड्युटी भरणे आणि भांडवली नफ्याच्या कराला सामोरे जाणे.

स्टॅम्प ड्युटीच्या अधिभाराचा एक फटका अनेकांना सॉलिसिटरच्या कार्यालयातच कळतो. घरे मोजताना जगभरातली घरे धरली जातात. पुण्यात स्वतःच्या नावावर ४० हजार पौंड किंवा अधिक किमतीचा फ्लॅट असेल, तर ब्रिटनमधले पहिले घरही सर्वसाधारणपणे ‘दुसरे’ ठरते. उलट, इथले घर ठेवून भारतात परतणाऱ्याच्या भाड्यातून एजंटाला २० टक्के कर कापावा लागतो. पूर्ण भाडे हाती यावे म्हणून एचएमआरसीची मंजुरी निघण्याआधीच मिळवावी.

भाडेकरू निवडतानाही जपावे लागते. ‘घर मराठी कुटुंबालाच द्यायचे’ ही इच्छा स्वाभाविक वाटते, पण समानतेच्या कायद्यापुढे ती वांशिक भेदभाव ठरते. मसाल्याच्या वासाचे कारण देऊन भारतीय आणि पाकिस्तानी भाडेकरू नाकारणाऱ्या केंटमधील एका बड्या घरमालकाला न्यायालयाने २०१७ मध्ये मनाई केली, तेव्हा आपल्याला बरे वाटले होते. तोच नियम आपल्यालाही लागू आहे. नव्या कायद्याने मुले असलेल्यांना किंवा सरकारी भत्ते घेणाऱ्यांना सरसकट नकार देण्यावरही बंदी घातली आहे.

भारतातून नुकत्याच आलेल्या, इथे पतनोंद नसलेल्या कुटुंबाकडून सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची सोय दोघांनाही सोयीची होती, तीही संपली. करारावर सही होण्यापूर्वी आगाऊ भाडे घेता येत नाही आणि सहीनंतर एका महिन्याचेच मागता येते. त्यामुळे इथला जामीनदार मिळवणे, हे आता नवागतांपुढचे मोठे काम झाले आहे. भाडे ठरवतानाही बाजार नीट पाहावा. जाहिरातीतल्या रकमेपेक्षा जास्त भाडे कोणी आपणहून देऊ केले तरी स्वीकारता येत नाही. वाढ वर्षातून एकदाच, दोन महिन्यांची सूचना देऊन करता येते. भाडेकरूने न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, तर तिथे मागितल्यापेक्षा जास्त भाडे मंजूर होत नाही, कमी मात्र होऊ शकते.